मुठीवरची चिकटपट्टी

निजामाचं राज्य जाऊन दोनेक वर्षं झाली होती. आमचे हे ताडकळसला अमीन, म्हणजे आताचे फौजदार. बैलगाडीचं चाक उजव्या हातावरून गेलं आणि दोन बोटं कायमची आखडली. रिव्हॉल्व्हर धरलं की मूठ हातातून सुटायची, घाम आला की जास्तच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परभणीला चांदमारी, म्हणजे नेमबाजीची परीक्षा होती. वरिष्ठांनी बजावलं होतं, नेम बसला तर ठाणं, हुकला तर कचेरीत कागद. ज्या माणसाला घरात घटकाभर बसवत नव्हतं, त्याला ही शिक्षाच होती.

दवाखान्यातल्या कंपाउंडरनं तोड काढली. जखमेवर लावायची चिकटपट्टी त्यानं लाकडी मुठीवर घट्ट गुंडाळून दिली. खडबडीत कापड ते, हात जागचा हलेना. हे रोज सकाळी ओढ्याकडे जायचे आणि मडकं मांडून नेम धरायचे. मडकं फुटलं की नाही, ते दारात शिरतानाच तोंडावर दिसायचं. भाद्रपद सरता सरता रोज फुटायला लागलं. घरात पुन्हा हसणं-बोलणं सुरू झालं.

खंडेनवमीला यांनी गोळ्या काढून रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवलं. मी राणीसावरगावच्या शेतकऱ्याची लेक. आमच्याकडे विळा-कुऱ्हाड पुजताना पात्याला तेल लावतातच, पण दांड्यालाही चोपडतात, म्हणजे लाकूड तडकत नाही. मीही तेच केलं. नळीपासून मुठीपर्यंत करडीचं तेल चोळून चोळून जिरवलं, वर हळदीकुंकू वाहिलं आणि ओवाळलं. दसरा होईतोवर ते पाटावरून हललं नाही. पट्टी कशाच्या जोरावर चिकटते, एवढी अक्कल असती तर मी अमिनाची बायको कशाला, अमीनच झाले असते.

चांदमारीहून हे दिवेलागणीला परतले. पाणी प्यायले आणि म्हणाले, "हुकलं."

तेलानं पट्टीचा चिकटा सुटून ती घसरली, मूठ हातात फिरली, सगळ्या गोळ्या मातीत गेल्या. साहेबांना यांनी सांगितलं, हातच निकामी झालाय.

मी रडत म्हणाले, "तेल म्याच लावलं. तुमाला कळलं न्हाई का?"

"कळलं की. सकाळी कमरेला लावतानाच हात निसटला."

"मग पट्टी काढून दुसरी लावायची. कंपाउंडर काय गाव सोडून गेलता?"

यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "पट्टीवर तुझं कुंकू होतं. ते खरवडून घराबाहेर कसं पडावं?"

पुढच्या सोमवारपासून हे कचेरीत बसायला लागले आणि नोकरी संपेपर्यंत तिथंच बसले. मला कधी शब्दानं बोलले नाहीत. लोक म्हणतात, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. असेल. पण कुंकू माझं होतं, त्या सकाळी मी पदरानं पुसून दिलं असतं. यांनी मला विचारलंच नाही, आणि त्याचा राग मला अजून येतो.