उजेडातला पाट

आमच्या कुणबी घरात बाईचा दुसरा संसार ही काही नवलाची गोष्ट नव्हती. नवरा मेला की वर्षभरानं बाई पाट लावून दुसऱ्या घरी जाई. पाट अंधारात लागायचा, कारण त्या जोडप्याचं तोंड उजेडात दिसणं अशुभ, आणि लेकरं बापाच्याच घरी ठेवून जायचं. माझी आजीसुद्धा पाटानंच आमच्या घरात आली होती. माझा बाप आणि चुलता दोघंही तिच्याच पोटचे.

मी आठ वर्षांची असताना बाप तापानं गेला. त्याच सुमारास समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई पेटली आणि आमच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. चुलत्याच्या गाड्या अमरावतीच्या पेठेत जाऊन आल्या की घरात काहीतरी नवं यायचं. बैलांच्या शिंगांना चांदी चढली, मातीच्या भिंतीच्या जागी विटा आल्या. मग चुलत्याला आपल्या पोरीसाठी देशमुखांचं घर हवंसं वाटू लागलं. त्या घरानं निरोप धाडला, "तुमच्यात पाट लागत असंल त् सोयरीक जमनार नाई." त्या दिवसापासून आमच्या घरात पाट बंद झाला.

माझी माय तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. तेल्हाऱ्याच्या वाटेवरच्या एका गावातला बिजवर तिला मागत होता. तिनं ओसरीवर उभं राहून चुलत्याला सरळ सांगितलं, "मले जायचं हाय."

"देशमुखाइच्या घरात बाया बसून राह्यतात. तूई बस."

"तुमची माय बसली होती का? ते बसली असती त् तुमी कोठून आले असते?"

चुलत्यानं अंगणातल्या गाडीची उभारी, बाजूचा लाकडी दांडा, उपसली. पहिला घाव मायनं हातावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा पाठीवर बसला, तिसरा मी मोजला नाही. काकू दारात उभी होती. तिनं पदर तोंडात कोंबला आणि आत निघून गेली.

शेजारी अचलपूरहून आलेलं एक पिंजारी जोडपं राहायचं. नवरा खांद्यावर धुनकी टाकून गावोगाव कापूस पिंजत फिरे. त्याच्या बायकोनं येऊन गोठ्यात पडलेल्या मायच्या हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या. तिचा हा दुसरा निकाह होता, आणि पहिल्या नवऱ्याची पोरगी तिच्याजवळच राहत होती. बांधता बांधता ती म्हणाली, "आमच्यात त् काजी भर दुपारी निकाह लावते. तुमच्यात अंधार कायले लागते वं?"

माय कण्हत होती, पण ते तिच्या मनात बसलं असावं. हात सांधायला दोन महिने गेले. त्या काळात पिंजाऱ्यानं तिचे निरोप बिजवराकडं पोचवले. शेवटी ठरलं, बाजाराच्या दिवशी सकाळी नाल्याच्या उताराशी त्याची माणसं येतील. मायनं मला जवळ घेतलं. "मी उद्या जाऊन राहिली. अंधारात नाई जात, चोरी नाई केली मी. तुले नेऊ देनार नाईत हे लोक. कोनाले बोलू नको."

संध्याकाळी चुलत्यानं मला मांडीवर बसवलं, हातावर गूळ ठेवला आणि विचारलं, "तुई माय रडते काऊन वं?" त्यानं मला मारलं असतं तर कदाचित मी बोलले नसते. मला वाटलं, चुलत्यानं अडवलं तर माय राहील. मी नाल्याचं सांगून टाकलं.

सकाळी मी मायच्या मागोमाग गेले. ती नाल्यात उतरली आणि पळसामागून चुलता चार माणसं घेऊन बाहेर आला. एकाच्या हातात कुऱ्हाड होती. पलीकडून बिजवर आणि त्याचे दोन भाऊ काठ्या घेऊन धावले. कोणी कोणाला शिवी दिली नाही. नुसते घाव आणि धापा ऐकू येत होत्या. बिजवरानं कुऱ्हाड हातानं अडवली, तशी त्याची दोन बोटं तुटून वाळूत पडली. चुलत्यानं मायचे केस धरून तिला पाण्यात दाबलं. तेवढ्यात बाजाराला निघालेला पिंजारी तिथं पोचला आणि त्यानं धुनकीच्या तातीवर मारायचा लाकडी मुठ्या चुलत्याच्या जबड्यावर हाणला. चुलता कोसळला. माय पाण्यातून उठली, तिनं एक धोंडा उचलला आणि त्याच्या तोंडावर धरून उभी राहिली. मग धोंडा बाजूला टाकला. जाताना तिनं मागं वळून मला पाहिलं. मी काठावर होते. ती माझं नाव घेऊन ओरडली, पण बिजवराच्या भावांनी तिला ओढून गाडीत घातलं.

ऐन दुपारी त्यांचा पाट लागला, तिच्या ओल्या लुगड्यात आणि त्याच्या हातावरच्या रक्ताळल्या चिंधीसह. चुलत्याच्या माणसांनी त्याच दिवशी पिंजाऱ्याचं खोपट जाळलं. आत भरलेला कापूस होता, तो घटकाभरात भडकून संपला. ते दोघं पोरीला घेऊन अचलपूरकडं चालत गेले. त्यांचं पुढं काय झालं ते मला कळलं नाही. नाल्यातल्या मारामारीची बोंब गावोगाव झाली होती, त्यामुळं देशमुखांची सोयरीक काही जमली नाही. चुलत्याचा जबडा वाकडाच राहिला.

माझं लग्न झाल्यावर सासरच्यांनी मला मायकडं जाऊ दिलं. तिच्या घरी सावत्र लेकरं तिला मायच म्हणत होती. सगळे शेतात गेल्यावर मी तिला सांगितलं, "माय, नाल्याचं म्याच सांगतलं होतं."

तिनं माझ्या कानशिलात अशी लगावली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. उभ्या जन्मात तिनं मला तेवढं एकदाच मारलं. मग ती चुलीकडं तोंड करून बसली.

"त्यानं मारलं होतं का तुले?"

"नाई."

"मंग तू काऊन सांगतलं?"

"तू जाऊ नये म्हनून."

 तिनं माझ्या ताटात भाकर टाकली आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली. मी तिथं चार दिवस राहिले.  निघायच्या दिवशी तिच्या सावत्र मुलानं गाडी जुंपली, आणि ती गावाच्या शिवेपर्यंत माझ्याबरोबर चालत आली.