गोळी भोंग्याला, कॅप्सूल आरतीला

मैत्रिणींनो, आजचा आनंद आपल्या महिला मंडळाच्या फळ्यावर लिहितेच!

उसाचं पाचट लागून सासूबाईंच्या पायाचं बोट चिघळलं. डॉक्टरांनी दोन औषधं दिली: गोळी दिवसातून तीनदा, कॅप्सूल चारदा. सासूबाई म्हणाल्या, "दोन हायत न्हवं? मग एक सकाळी, एक संध्याकाळी. लई झालं."

जखम वाढली. डॉक्टर रागावले, "दुसरं दिलं म्हणून पहिल्याच्या वेळा कमी होत नाहीत. अशानं बोट काढावं लागेल!"

घरात घड्याळ नाही. मग मी गोळी कारखान्याच्या तीन भोंग्यांना लावली आणि कॅप्सूल देवळातल्या चार आरत्यांना.

आज डॉक्टर म्हणाले, "बोट वाचलं. औषध बंद."

दुपारी भोंगा वाजताच सासूबाईंनी हात पुढं केला, "आण गं गोळी."

मी हातावर खडीसाखर ठेवली. तुमच्याकडं औषधाची वेळ कशी सांभाळता?