मेहुण्याच्या जेट स्कीचा व्हॉल्व्ह

कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल मांडून मी गेली कित्येक वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि माझ्या मसुद्यात कुणा साहेबाने खोड काढल्याचे मला स्मरत नाही. जी गोष्ट समक्ष पाहिली नाही ती पाहिली असे मी लिहीत नाही. पत्नीला हे पक्के ठाऊक आहे, आणि म्हणूनच तिने आपल्या भावाच्या जिवाचा प्रश्न माझ्यापुढे आणून ठेवला.

हा माझा मेहुणा लकडगंजात दुचाकी दुरुस्तीचे दुकान चालवतो. एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून त्याने जुनी जेट स्की आणली होती. ही जात बसून चालवायची नव्हे, पाण्यावर उभे राहून चालवायची. कुही गावापलीकडे धरणाचे पाणी लांबवर पसरले आहे. तेथे सुटीच्या दिवशी पर्यटकांना कसरती दाखवण्याचे काम त्याला मिळण्याच्या बेतात होते; दुसरे कसलेच स्वप्न त्याला नव्हते. परंतु पहिल्याच सरावात यंत्र आतून पाण्याने भरले आणि भर पाण्यात बुडू लागले. अंगातले जॅकेट त्याने धड बांधलेले नव्हते. जाळी टाकणाऱ्या लोकांनी त्याला नावेत ओढून घेतले, तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. त्या दिवसापासून पत्नीचे कशात लक्ष लागेना. वरणाला फोडणी द्यायला म्हणून उठायची आणि पळी हातात धरून नुसती उभी राहायची.

पाणी कोठून आले, हे मेहुण्यानेच शोधून काढले. यंत्र पळत असताना आत शिरलेले पाणी एका नळीवाटे बाहेर ओढले जाते; मात्र यंत्र थांबले की त्याच नळीवाटे धरणाचे पाणी उलटे आत येते. ते अडवायला नळीत एकाच दिशेने पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. चांगल्या प्रतीचा मागवायला बरेच दिवस लागणार होते, आणि याला धीर कोठला! ऑनलाइन मिळाला तो स्वस्तातला त्याने मागवला. अंगठ्याएवढी काळी नळी, आत रबराची पातळ जीभ. शनिवारी दुपारी तो व्हॉल्व्ह घेऊनच मेहुणा आमच्या घरी आला. रविवारी त्याला पुन्हा पाण्यात उतरायचे होते.

“पाह्य ना ताई,” तोंडाला लावून फुंकत तो म्हणाला, “इकडून हवा जाते, तिकडून जात नाही. झालं मंग.”

“तुह्या फुंकरीवर मी भरोसा ठेवू का?” पत्नी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “अहो, तुम्ही पाहा. तुम्ही जे सांगता ते मी मानते.”

मी सांगितले की रीतसर तपासणी करून तसा अहवाल लिहून देतो.

“कागद नको मले. तोंडानं सांगा. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा.”

रंगाचा एक रिकामा डबा होता. त्याच्या बुडाला भोक पाडून मेहुण्याने त्यात व्हॉल्व्ह बसवला. पाणी बाहेर जाईल, आत येणार नाही, अशा बेताने. कडेने डांबर लावून फटी बुजवल्या. मी बुडाशी वर्तमानपत्राचा एक तुकडा अंथरला, जेणेकरून ओल लपून राहू नये. मग अंगणातल्या पाण्याच्या ड्रममध्ये त्याने दोन्ही हातांनी तो डबा जोराने खाली दाबला. कागद कोरडा. पुन्हा दाबला. पुन्हा कोरडा.

“पास,” तो म्हणाला. “चाल ताई, चहा मांड.”

“थांब. तपासणी अद्याप पूर्ण झालेली नाही.”

“भाऊजी, ही कचेरी हाय का? आता साक्षीदार बोलावता का दोन?”

मी डब्यात एक वीट ठेवली आणि कुणाचाही हात न लागता तो पाण्यावर सोडून दिला. चहा झाला, मेहुण्याने दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला केल्या, पत्नी हसली नाही. उठून पाहिले तेव्हा कागदावर ओला डाग होता, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो पसरत होता.

जोराचा दाब आला की रबराची जीभ घट्ट बसत होती. पाणी नुसते टेकून राहिले की तिला बसवणारे कोणी नव्हते. कचेरीतही मी हे पाहिले आहे. आरडाओरडा करीत येणाऱ्याला शिपाई दारातच अडवतो, आणि मुकाट्याने रोज बाकावर येऊन बसणारा एके दिवशी आत पोहोचतो.

मेहुण्याचा चेहरा उतरला, पण हट्ट उतरला नाही. “नाही म्हणाल तं हा लावतच नाही मी. बिनाव्हॉल्व्हचा जातो. मंग तं सरळच पाणी येते.”

त्याच्या या बोलण्याने मी खरोखर अडचणीत आलो. नाही म्हणावे तर तो आहे तेवढाही आधार टाकून जाणार. हो म्हणावे तर माझ्या शब्दावर विसंबून पत्नी त्याला निश्चिंतपणे धाडणार. शेवटी जे पाहिले तेच सांगितले.

“पळत राहिला तर हो. थांबला तर नाही.”

पत्नीने ओला कागद डब्यातून बाहेर काढला. “हा थांबते ना,” ती म्हणाली. “भाजी आणाले पाठवला तं रस्ताभर लोकाईशी बोलत बसते. पाण्यात का गप्प राहीन हा?”

रविवारी मेहुण्याने तोच व्हॉल्व्ह बसवला, आणि ती स्वतः आमच्याबरोबर आली. जॅकेटचे सगळे बंद तिने आपल्या हाताने बांधले. प्रारंभी तो काठाजवळच फेऱ्या मारीत होता, आणि जरा वेग कमी झाला की ही काठावरून ओरडायची, “थांबू नको गा!” पर्यटक हसत होते. तोही हात हलवून दाखवीत होता. मग तो दूर गेला. तेथे एक नाव होती. बहुधा त्याला वाचवणाऱ्या माणसांचीच. नावेची कड धरून तो थांबला. काय बोलत होता कोण जाणे. पत्नीचा आवाज तेथवर पोहोचत नव्हता. यंत्राची मागची बाजू हळूहळू खाली जात असल्याचे मला दिसले, आणि तेच तिलाही दिसले असावे, कारण चपला काढून ती पाण्यात चालू लागली. तिला पोहता येत नाही. गुडघाभर पाण्यात मी तिचा दंड धरला.

यंत्र सुरू झाले. जडशीळ, नाक वर करून, कसेबसे ते काठाला लागले. आम्ही ते कलते केले, तेव्हा आतून पाणी वाहू लागले ते थांबेचना.

“आलो ना पण?” मेहुणा हसत म्हणाला.

यंत्र चालू करायला त्याच्या मनगटावर एक दोरी बांधलेली असते. तिच्या टोकाची खीळ बसवल्याशिवाय इंजिन लागत नाही. पत्नीने ती दोरी त्याच्या मनगटावरून सोडली आणि पदराच्या गाठीत बांधली.

“ताई, दे ना वं. लोक पाहून राहिले.”

“पाहू दे.”

त्या कामावर पुढे दुसरा माणूस लागला. मेहुणा आमच्याकडे येतो, जेवतो, आणि पत्नी आत गेली की हळूच विचारतो, “भाऊजी, तुम्ही नुसतं हो म्हटलं असतं तं?” मी त्याला ताक वाढतो. त्याचा जीव वाचला की त्याचे एकमेव स्वप्न मोडले, याचा निवाडा माझ्याच्याने होत नाही.

अलीकडे त्याने दुसरा, चांगल्यापैकी व्हॉल्व्ह आणून माझ्यापुढे ठेवला. तो गेल्यावर मी पत्नीला विचारले, तपासू काय?

“तपासा,” ती म्हणाली. “पण यावेळी उन्हाळा संपेपर्यंत ठेवा पाण्यात.”

डबा ड्रममध्ये तरंगतो आहे. रोज सकाळी ती स्वतः वाकून आतला कागद बोटांनी चाचपते. कागद अजून कोरडा आहे. तरीही चाचपून झाल्यावर ती बोटे पदराला पुसते, हे मी समक्ष पाहिले आहे.