न झालेल्या तळ्याचा काठ

खिशातल्या चाकूनं मी दगडावरचा लाल रंग खरवडत होतो. आमच्या जंगलात दगडावर लाल रंग दिसला की तो वनखात्यानं मारलेला असतो, असा माझा समज. थर चांगला जाड होता. खालून कोरलेली अक्षरं डोकावू लागली, तसा मी आणखी जोर लावला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"ओ साहेब, काऊन खरवडून राह्यले देवाले?"

रंग शेंदूर होता. मी देवाचं अर्धं कपाळ साफ केलं होतं, आणि त्या कपाळावर कोरलं होतं : म. प्र.

आवाज सोमाभाऊंचा. दगडाला लागून खाली त्यांचं धानाचं वावर होतं. मी कान धरले, दुसऱ्या दिवशी नारळ आणि तेल-शेंदूर घेऊन गेलो आणि स्वतःच्या हातानं देवाचं कपाळ पुन्हा रंगवलं. आमचा खलाशी, म्हणजे मोजणीतला मदतनीस, रामटेके बाजूला उभा राहून मजा बघत होता. "आमी बौद्ध, साहेब," तो म्हणाला. "मले तं हा दगडच दिसते. पन गावाले देव दिसते ना, तवा नीट लावा. नाकाखाली राह्यला थोडा."

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून नुकताच वेगळा झाला होता आणि मी तिथं पाटबंधारे खात्यात ज्युनिअर इंजिनिअर होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण देव अजून तिथंच आहे.

आधी त्या दोन अक्षरांबद्दल सांगायला हवं. आजचा मध्यप्रदेश वेगळा. त्याच नावाचं एक राज्य त्याआधी होऊन गेलं, त्याची राजधानी नागपूर. १९५० साली ते झालं आणि छप्पन साली मोडलं. एका टोकाला बुलढाणा, दुसऱ्या टोकाला बस्तर आणि सरगुजा; मधे आमचा चांदा. वर्धा नदी ओलांडून राजुऱ्याला गेलं की हैदराबाद राज्य लागायचं. माझा जन्म या जुन्या मध्यप्रदेशातला. पण मी शाळेची पायरी चढायच्या आत ते संपलं होतं. माझी आई चंद्रपूरच्या एकाच घरात आधी मध्यप्रांतात राहिली, मग मध्यप्रदेशात, मग द्विभाषिक मुंबईत आणि शेवटी महाराष्ट्रात. चार राज्यांचा स्वयंपाक तिनं एकाच चुलीवर केला. "राज्य बदललं म्हणून डाळ लवकर शिजत नाही," असं ती म्हणायची.

तर त्या अल्पायुषी राज्यानं मालगुजारी मोडली. मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा धनी. आमच्या भागातले जुने तलाव याच लोकांनी बांधले. ते माजी मालगुजारी झाले, म्हणून त्यांना आम्ही 'मामा तलाव' म्हणतो. तलाव हाती आल्यावर नव्या सरकारला स्वप्नं पडू लागली. या गावच्या तलावाची पाळ, म्हणजे बांध, उंच करायची आणि पाणी पार जंगलात भिडवायचं असं ठरलं. पाणी कुठवर येईल तिथं दगड रोवले. याला आम्ही एफ.टी.एल. म्हणतो : तलाव काठोकाठ भरला की पाणी जिथं टेकेल ती रेषा. दगड रोवून झाले आणि राज्यच मोडलं. कागद काही भोपाळला गेले म्हणे, काही मुंबईला, उरलेले वाळवीकडे. दगड तेवढे जंगलात राहिले.

खालच्या वावरांना पाणी पुरत नाही अशी गावाची जुनीच तक्रार होती. आमच्या उपअभियंता साहेबांच्या कानावर दगडांची गोष्ट गेली आणि ते खुश झाले.

"आयता काठ आहे! दगडांची लेव्हल घ्या आणि एस्टिमेट करा."

मग मी आणि रामटेके त्या काठानं चालू लागलो. इतकं सुंदर काम मला नोकरीत पुन्हा मिळालं नाही. मोहाची फुलं पडत होती, सगळ्या रानाला गोड, आंबूस वास. एक दगड सापडला की पुढचा शोधायचा. कुणी वारुळात अर्धा गेलेला, कुणाला साजाच्या झाडाच्या मुळानं कवेत घेतलेलं. डाव्या हाताला तलाव आहे असं धरून आम्ही चालायचो. डाव्या हाताला तलाव नव्हताच. वाळका पाला होता आणि तेंदूची झुडपं. पण दोन-तीन दिवसांत मला ते पाणी दिसू लागलं. झाडांच्या कमरेपर्यंत उभं, निवांत, हिरवट. वारा आला की पाल्यावरून लाट यायची आणि माझ्या बुटांपाशी थांबायची. दुपारी डबा सोडला की मी नकळत पाण्याकडे तोंड करून बसायचो. वाटायचं, ते राज्य मोडलं नसतं तर आत्ता इथून एखादा डोंगा गेला असता, आणि डोंग्यातल्या माणसानं मला विचारलं असतं, नागपूरहून आले का?

"साहेब, पोहता येते का?" रामटेके विचारायचा.

"नाही."

"मंग उजवीकून चाला."

मोजणीला डंपी लेव्हल होती. ही तिपाईवरची दुर्बीण. ती वर बघत नाही, खाली बघत नाही, फक्त सरळ समोर बघते. दूर दगडावर रामटेके आकड्यांची उंच पट्टी उभी धरायचा आणि मी आकडा वाचायचो. साचलेलं पाणी सपाट असतं, म्हणून काठावरचे सगळे दगड एका पातळीत यायला हवेत. आलेही. त्या मोडलेल्या राज्यातल्या माणसांनी काय सुंदर काम केलं होतं! शेवटचा तेवढा फसला. देवाचा दगड बाकीच्यांपेक्षा चांगला पुरुषभर उंच.

मी पुन्हा मोजलं. तेच. साहेबांना सांगितलं.

"तुमची चूक असेल."

"लेव्हल दोनदा घेतली, सर."

"मग बाकीचे खचले असतील."

"सगळे? सारखेच?"

साहेबांनी चष्मा काढला. "हे बघा, लहान तलाव दुरुस्त होतो, मोठा तलाव मंजूर होतो. दगड सरकारी आहे. तो जिथं आहे, तिथवर पाणी."

तिथवर पाणी म्हणजे सोमाभाऊंचं सगळं वावर पाण्याखाली. तेवढं एकच वावर होतं त्यांना. मी ते दुर्बिणीतून रोज बघत होतो. त्यावर आता मला लाटा दिसू लागल्या, आणि त्या मुळीच सुंदर नव्हत्या.

पुढच्या आठवड्यात साहेब जीपनं आले. देवापाशी गाव जमलं. साहेबांनी दगडावर हात ठेवला, लगेच काढून रुमालाला पुसला आणि सांगितलं, "पाणी इथपर्यंत येईल. याच्या खालचं सगळं बुडीत."

सोमाभाऊ गर्दीतून पुढे आले. "पन साहेब, दगड तं वर हाय! दगड वर हाय मनूनच तं माहं वावर वाचलं!"

"वर आहे म्हणूनच बुडतं," साहेब म्हणाले.

सोमाभाऊंचा चेहरा बघितला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे सरकारी दगड म्हणजे जंगलाचा दगड. दगडाच्या वर वनखातं, खाली गाव. हा पाण्याचा दगड होता, त्याचा हिशेब नेमका उलटा : खालचं जातं, वरचं वाचतं.

"भाऊ," मी हळूच विचारलं, "दगड आधीपासून इथंच होता का?"

त्यांनी मान खाली घातली. सगळं गाव बघत होतं. देवाला नवस बोललेले लोकही त्यातच होते. "देव हाय तो, साहेब. देव जागचा हालत नाई."

"मंग पायानं आला का?" बायकांतून आवाज आला. सोमाभाऊंची घरधनीण, जनाबाई. "सांगा ना! वावर बुडून राह्यलं अन् हे देव देव करून राह्यले! साहेब, म्या सांगतो. नवी नवरी होती मी तवा. दगड आमच्या वावराच्या खालच्या धुऱ्यावर रोवला होता. ह्यायले वाटलं, दगडाच्या वरचं समदं जंगलात गेलं. उपटला, गाड्यात घातला, अन् इथी आनला. बैलं म्या धरले होते."

"आणि शेंदूर?" साहेबांनी विचारलं.

"शेंदूर लावला का सरकार हात नाई लावत."

लोक हसावं की हात जोडावे या विचारात पडले. एका म्हाताऱ्यानं दोन्ही केलं.

जनाबाईनं आम्हाला खालच्या धुऱ्यावर नेलं, म्हणजे वावराच्या बांधावर. तिथं गवतात एक खळगा होता. रामटेकेनं पट्टी धरली, मी दुर्बिणीला डोळा लावला. आकडा बाकीच्या दगडांशी जुळला. म्हणजे पाणी धुऱ्याशीच थांबणार होतं, वावर कोरडं राहणार होतं.

पण साहेब कडक झाले. "सरकारी दगड हलवणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

सोमाभाऊंनी हात जोडले. मी मधे पडलो. "सर, फिर्याद कोणत्या सरकारनं करायची? दगडावर म. प्र. आहे. आपण महाराष्ट्र."

"मग त्यांना कळवा."

"त्यांचं राज्य मोडलं, सर. भोपाळवाले म्हणतील, आमचा दगड तुमच्या जंगलात कसा?"

साहेब जीपकडे वळले. जाता जाता म्हणाले, "देव राहू द्या तिथंच. एस्टिमेट खालच्या पातळीनं करा."

साहेबांचं म्हणणं खरं ठरलं. तलाव लहान झाला आणि म्हणून मंजूर झाला नाही, दुरुस्त झाला. पाळीवर माती पडली, पाणी सोडायचं गळतं दार बदललं. कालव्याच्या शेपटाकडच्या वावरांना थोडं जास्त पाणी मिळालं, फार नाही. सोमाभाऊंनी त्या वावरात धान लावलं. मी शिकलो ते इतकंच : दगड सरकारचा असो की देवाचा, आधी त्याची लेव्हल घ्यावी.

घरी आल्यावर ही हकीकत मी बायकोला रंगवून सांगितली. मोडलेलं राज्य, मोहाचा वास, न दिसणारं पाणी, सगळं. ती तांदूळ निवडत होती. शेवटपर्यंत तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इतके दिवस दुर्बीण घेऊन रानात हिंडलात. यापुढे कुठं गेलात ना, तर आधी बैल कुणी धरले होते ते विचारत जा."