सावदा ते पिंपळनेर, पदराला आठ गाठी

आधीच सांगते, बोलतेय मी आणि टाइप करतेय माझी नात मनू. मला अक्षर येत नाही. मनू मध्येच हसत बसते आणि तिचा हात थांबतो. तेवढ्यात काही गळालं तर तिला विचारा.

मनू पुण्याला नोकरी करते, फिरून आली की इथे ब्लॉगवर लिहिते. वर्ष संपताना सावद्याला आली तेव्हा म्हणाली, "आजी, आता संकल्प कोणी करत नाही. वर्षासाठी एक शब्द निवडायचा आणि वर्षभर तोच धरून चालायचं."

"तुझा गेल्या वर्षी कुठला होता?"

"सातत्य."

"मग?"

"फेब्रुवारीत सुटलं."

माझ्यासाठी शब्द शोधायला घरात सगळ्यांना विचारलं. मुलगा म्हणाला, "गप्प." सून ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "गप्प." मनूने तर तो आधीच लिहून ठेवला होता. एवढं एकमत या घरात केळीच्या भावावरही कधी होत नाही.

त्याला कारण होतं. पिंपळनेरला माझी धाकटी बहीण कमळ राहते. चार वर्षांपूर्वी तिच्या नातवाच्या बारशाला तिने भरीत केलं होतं. ताटातला काळपट रंग बघूनच मी दहा बायकांत म्हणाले, "कमळे, हे गॅसवर भाजलेलं दिसतंय." ताट सरकवलं आणि भाकरी ठेच्याशी खाल्ली. आमच्याकडे भरिताचं वांगं कपाशीच्या वाळल्या काड्यांवरच भाजतात, पऱ्हाट्या म्हणतो आम्ही त्यांना. गॅसवरचं भरीत म्हणजे आमच्यात पाप. तेव्हापासून कमळचा फोन नाही. मीही केला नाही. मोठी बहीण मी, मी का करू?

मनूने गुपचूप तिला फोन लावला होता. कमळ म्हणाली, "आण एक तारखेला. पण तिच्या तोंडाला कुलूप लावून आण."

म्हणून ठरलं: गप्प. इतर गप्पा चालतील, नावं ठेवायची नाहीत. लिहून ठेवता येत नाही, म्हणून मी माझी सोय केली. बोलावंसं वाटलं आणि गिळलं, की पदराला एक गाठ.

एक तारखेला सकाळी निघालो. सोबत आमची लांब हिरवी भरिताची वांगी, डब्यात ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ आणि जुन्या लुगड्यात बांधलेली पऱ्हाट्यांची मोळी. कमळकडे धड काड्या कुठल्या, असा माझा हिशेब. मनू गुडघ्यावर फाटलेली पँट घालून बाहेर आली. पहिली गाठ तिथेच, अंगणात.

जायचं असेल तर ऐका. सावद्याहून भुसावळ, तिथून जळगाव. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळे. रस्ता आता मोठा झालाय, पोटातलं पाणी हलत नाही. धुळ्याहून साक्री आणि साक्रीहून पिंपळनेर. पहाटे निघालात तर दुपारच्या चहाला पोचाल. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढे फुकट, फक्त आधार कार्ड जवळ ठेवा.

जळगावच्या स्टँडवर कंडक्टरने मोळी बघितली. "आजी, धुळ्यात सरपण मिळत नाही का?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं, चांगलं खमंग. दुसरी गाठ.

मग त्याने कार्ड बघितलं आणि ओरडला, "अरे, आजींचा आज वाढदिवस!"

मागच्या सीटवरून एक आबा म्हणाले, "माझाबी आजच."

"माझाबी," खिडकीजवळची एक अक्का म्हणाली. आणखी दोन हात वर झाले. कार्ड काढताना ज्याला जन्मतारीख सांगता आली नाही, त्याला तिथल्या माणसाने एक जानेवारी देऊन टाकली. एकाच आईची पाच लेकरं असल्यासारखे आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

"मी झालो तेव्हा आंब्याला मोहर होता, एवढंच माय सांगायची," आबा म्हणाले. "आता मोहर लागो नाहीतर न लागो, सरकार म्हणतं आजच."

मनूने पर्समधल्या चॉकलेटी वाटल्या. त्या कडू होत्या. काळ्या चॉकलेटी म्हणे महाग असतात. तिसरी गाठ.

धुळ्याला स्टँडसमोर शेवभाजी खाल्ली. दोघी पोटभर जेवलो आणि पैसे दिल्यावरही मनूचा चेहरा हसरा होता, म्हणजे महाग नसणार. तिखट असं की मनूचे कान लाल झाले. शेव मात्र आधीच रश्श्यात टाकून ठेवलेली, पार लगदा. वाढणाऱ्याने विचारलं, "कशी झाली आजी?" मी त्याच्याकडे बघत चौथी गाठ मारली. त्याला वाटलं आजी पदराच्या गाठीतले पैसे काढतेय. म्हणाला, "राहू द्या, टीप नको."

साक्री येईपर्यंत सात झाल्या. पदर इतका आखूड झाला की डोक्यावरून घेता येईना. साक्रीच्या पुढे हवा गार होते, कांद्याची हिरवीगार शेतं लागतात आणि लांब डोंगर दिसू लागतात. नाव ठेवण्यासारखं तिथे काही सापडलं नाही. सापडलं असतं तर पदर उरला नव्हता.

कमळ अंगणातच उभी होती. वाळली होती. लग्नानंतर तिची बोलीही इकडची, अहिराणी झालीय. "ये वं अक्का," म्हणाली. पाया पडायला वाकली आणि वाकल्यावाकल्या तिला मोळी दिसली. मग पिशवीतली वांगी दिसली.

सरळ झाली. "हाई काय शे?"

"पऱ्हाट्या," मी म्हटलं. "वांगी. थोडं पीठ."

"म्हणजे बठ्ठं, सगळंच घरून आणलं. माझ्या घरी वांगं नाही, काडी नाही, पीठ नाही. तोंड बंद ठेवून आलीस, पण मोळी बोलली ना वं तुझी!"

ती आत गेली. मला वाटलं आता आल्या पावली परत, आणि या खेपेला कायमचं. कारण आता पुन्हा कोण कोणाला फोन करणार?

कमळची सून सुनंदा पाणी घेऊन आली. दाराकडे बघत हळूच म्हणाली, "मावशी, एक सांगू? बारशाच्या दिवशी आमचा गॅस संपलेला होता. दोन दिवस सिलिंडर आलं नव्हतं. आईंनी आदल्या दिवशी शेतातून स्वतः पऱ्हाट्या उपटून आणल्या, तुम्ही येणार म्हणून. हातांना फोड आले होते."

"मग रंग तसा का होता?"

"आमचं वांगं जांभळं असतं, मावशी. त्याचं भरीत काळपटच दिसतं."

चार वर्षं. न चाखता. वांग्याचा रंग बघून.

मी मागच्या दारी गेले. कमळ पाठ करून बसली होती, चुलीपुढे तिची जांभळी वांगी आणि तिच्याच पऱ्हाट्या. मी शेजारी बसले आणि एक एक काडी तिच्या हातात देत गेले. ती त्या चुलीत सारत होती. वांगी भाजली, सोलली, लाकडी बडगीत ठेचली. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. ताट माझ्यापुढे ठेवून ती समोर बसली, परीक्षेला बसल्यासारखी.

मी घास घेतला. भाजणी अशी की धूर थेट नाकात गेला. आणि मीठ कमी. चांगलंच कमी. मी पदर शोधला आणि आठवी गाठ मारली.

"हाई काय करतेस?" तिने विचारलं.

मनूने सगळं सांगितलं, शब्दापासून गाठींपर्यंत. कमळने माझा पदर ओढला आणि शेवटची गाठ आपल्या हाताने सोडली. "हिच्यात माझं काय शे? बोल."

"मीठ कमी आहे."

तिने माझ्याच ताटातला घास घेतला. "खरंच कमी शे वं!"

"आणि त्या दिवशी मी चाखलं नव्हतं, कमळे. चुकलं माझं."

ती मीठ आणायला उठली, तोंड पलीकडे करून. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते, आणि बाकीच्या सात गाठी ऐकायच्याच म्हणाली. मनूच्या फाटक्या पँटबद्दल आम्हा दोघींचं पूर्ण एकमत झालं.

दोन दिवस राहिलो. माझ्या मोळीवर तिने आम्हाला आंघोळीचं पाणी तापवून दिलं. "चांगल्या जळतात," म्हणाली, "पाण्यापुरत्या." निघताना पिशवीत तिची जांभळी वांगी भरली.

घरी आल्यावर मुलाने विचारलं, "टिकला का शब्द?" मी म्हटलं, तो ठेवा तुमच्याकडे, मी माझा घेऊन आले: चाखून. नावं ठेवीन, पण चाखून. मनूने तो कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलाय. मला वाचता येत नाही, म्हणून पदराला एक गाठ तशीच ठेवलीय. सुनेने काल आमटी वाढली, मी आधी दोन घास खाल्ले आणि मगच तोंड उघडलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

आज कमळची वांगी आमच्या पऱ्हाट्यांवर भाजली. ताट वाढत होते तेवढ्यात फोन वाजला. चार वर्षांनी तिचा पहिला.

"काय वं अक्का, कसं झालं माझं वांगं?"

भरीत समोर होतं. काळपट.

"थांब," मी म्हटलं, "अजून चाखलं नाही."