चिनाई मेंदी आणि आमचं बाग मंडळ

आमच्या कॉलनीच्या बाग मंडळात दहा वर्षांत झाडं जगली मोजकी, किस्से मात्र पोत्यानं साठले! एखादा सांगायला घेतला की मागचे चार आपोआप बाहेर येतात.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शिवाजी पेठेतल्या बोळातनं बाहेर पडून आम्ही नवीन कॉलनीत आलो. दारात चार फूट माती मिळाल्याबरोबर जो तो बागायतदार झाला. त्यातच मंडळाचे अध्यक्ष निंबाळकरसाहेब बेंगळूरला जाऊन आले आणि म्हणाले, "तिथं घरोघरी चिनाई मेंदी आहे. चुरगळलेल्या कागदासारखी गुलाबी फुलं! आपण मागं का?"

झालं! सगळी कॉलनी दस्तगीरभाईंच्या नर्सरीत.

*

दस्तगीरभाई प्रत्येकाला आधी एकच विचारायचे, "जागा केवढी हाय?"

आमचे ड्रॉइंगचे जाधव मास्तर भडकले. "जागेचं तुम्हाला काय करायचंय? सगळ्यात मोठं फूल येतंय ते द्या!"

"ते ताम्हण हाय मास्तर. ह्याच जातीतलं, पण लई थोराड."

"थोराडच पायजे!"

मास्तरांनी ताम्हण लावलं ते थेट खिडकीखाली. सात-आठ वर्षांत एक फांदी खिडकीतनं आत आली, ती पलंगापर्यंत. मास्तर तोडू देईनात. शेवटी जाधववहिनी म्हणाल्या, "मग ह्याचंबी नाव रेशनकार्डात घाला की!"

*

पुढं मास्तरांनी खरी चिनाई मेंदी आणली. लावली कुठं? त्याच ताम्हणाच्या सावलीत! फूल एक नाही, पण पानं पांढरीफेक. मास्तर कॉलनीभर सांगत सुटले, "दुर्मिळ जात हाय!" मंडळाच्या स्पर्धेत परीक्षकांनीही उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर केलं.

दस्तगीरभाईंनी पानावरनं बोट फिरवलं आणि रुमालाला पुसलं. "मास्तर, ही जात न्हाय, बुरशी हाय. गंधक मारा आनि रोप उन्हात हलवा."

मास्तर दबक्या आवाजात म्हणाले, "हळू बोला की! आदी बक्षीस तर घेऊन येतो!"

*

माझं चिनाई मेंदीचं झाड चांगलं खांद्याएवढं झालं होतं. थंडीत त्याची सगळी पानं गळतात, हे मला ठाऊक होतं. गडहिंग्लजहून आलेल्या सासऱ्यांना नव्हतं. मी ऑफिसात असताना त्यांनी ते मुळासकट उपटलं, तुकडे केले आणि पाणी तापवायच्या बंबात घातलं.

संध्याकाळी मी खड्ड्याकडे बघत उभा. सासरे समजूत घालत म्हणाले, "वाळल्यालं झाड दारात कशाला ठेवायचं, जावईबापू? पर लाकूड मातुर ओलं निघालं. धूर लई झाला!"

त्या पाण्यानं मी अंघोळच केली नाही.

*

निंबाळकरसाहेबांच्या झाडाला सहा वर्षांत कळी नाही. दस्तगीरभाई दर थंडीत सांगायचे, "फांद्या छाटा साहेब, नव्या फुटीवरच फूल येतंय." साहेब म्हणायचे, "झाडाला कात्री लावणं म्हणजे खून!"

एका जानेवारीत साहेबांना तीन महिने ट्रेनिंगला पुण्याला पाठवलं. इकडं घरी निंबाळकरकाकींना घेवड्याच्या वेलाला काठ्या हव्या होत्या. त्यांनी माझ्याकडनंच करवत नेली आणि झाडाच्या सगळ्या फांद्या उतरवल्या. साहेब परत येईपर्यंत नवी फूट गच्च वाढलेली. काकी काही बोलल्या नाहीत. मीही करवत कपाटात ठेवून गप्प बसलो.

मे महिन्यात झाड असं फुललं की पान दिसेना! साहेबांनी अख्खं मंडळ अंगणात बोलावलं. सतरंजी, चहा, पोहे आणि भाषण. दस्तगीरभाई पुढच्याच रांगेत. त्यांच्याकडे रोखून बघत साहेब म्हणाले, "काही लोक मला छाटणी शिकवत होते! पण मी सहा वर्षं या झाडाला हात लावला नाही. म्हणून आज हा चमत्कार!"

टाळ्या पडल्या.

काकी चहाचा ट्रे घेऊन मागंच उभ्या होत्या. पदर सावरत म्हणाल्या, "खरं हाय की. ह्यांनी न्हायच लावला!"