आधी त्याचं म्हणणं सांग

हे लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. कुणी चाचांची आठवण काढली, की मी विषय बदलत असे.

मार्केट यार्डाजवळच्या हळदीच्या गोदामात चाचा पॅकिंगला होते. हात मनगटापर्यंत कायम पिवळे. गोदामात युनियन नव्हती, चाचा होते. पगारावरून, ओव्हरटाइमवरून वाजलं, की शेठ आणि कामगार दोघंही त्यांनाच बोलावत. त्यांची रीत एकच. तक्रार घेऊन येणाऱ्याला ते समोरच्याची बाजू मांडायला लावत. "तुझं नंतर. आधी त्याचं म्हणणं सांग."

एकदा रविवारच्या कामाचे जादा पैसे शेठ नाकारत होते. चाचांनी त्यांना हळद निवडणाऱ्या लक्ष्मीबाईंची बाजू बोलायला लावली. शेठ दुसऱ्याच वाक्याला अडखळले. "बोला की शेठ. गिऱ्हाइकापुढे तर थांबत नाही तुम्ही." शेठना हसू फुटलं. पैसेही सुटले.

मी तिथला टाइमकीपर. पुढे शेठच्या हुकमावरून मी रोज साडेपाचला सगळ्यांची कार्डं स्वतःच पंच करू लागलो. माणसं मात्र आठपर्यंत राबत. प्रकरण लेबर ऑफिसात गेलं, तेव्हा लक्ष्मीबाई म्हणाल्या, आपण आपल्या वेळा लिहून ठेवू. चाचांनी नको म्हटलं. "कशाला? पवार आपला माणूस आहे. तो खरं ते सांगेल." मी त्यांना तसा शब्द दिला होता.

सुनावणीत साहेबांनी मला विचारलं, "कार्डं कामगार स्वतः पंच करतात?"

शेठ शेजारीच बसले होते. मी म्हणालो, "हो. स्वतःच."

चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते आपल्या पिवळ्या हातांकडे बघत बसले. बाहेर आल्यावर लक्ष्मीबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "चाचा, शेठनं तुम्हाला किती दिले?" त्यानंतर भांडण मिटवायला त्यांना कुणी बोलावलं नाही. महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. दिवाळीला मी सुपरवायझर झालो.

निवृत्तीनंतर एकदा, माफी मागायचीच असं ठरवून, मी वारज्याला त्यांच्या मुलीच्या घरी गेलो. चाचा खूप वाळले होते. हात स्वच्छ होते. ते मला ओळखूच येईनात.

मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "पवार, तुझं म्हणणं मी सांगतो. तुझ्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. खरं बोलला असतास, तर शेठनं त्याच दिवशी घालवला असता. बरोबर?"

मी मान हलवली.

"मग आता माझं म्हणणं तू सांग."

मला सगळं पाठ होतं. माझ्या शब्दावर त्यांनी लक्ष्मीबाईंना वेळा लिहू दिल्या नाहीत, मी उलटलो, आणि विकला गेल्याचा डाग त्यांच्यावर बसला. एवढंच बोलायचं होतं. मग माफी मागायची होती. चाचा वाट बघत राहिले. त्यांच्या मुलीनं चहा आणला. मी तो प्यायलो, साखर जास्त झाली म्हणालो आणि उठलो.

चाचा जाऊन आता दोन वर्षं झाली.